कॅमेरा चालू होता, पण रेकॉर्डिंग किती दिवसांचं होतं? सीसीटीव्हीच्या हार्ड डिस्कमागचं गणित

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिस ठाण्यांमधल्या बंद सीसीटीव्हींची स्वतःहून दखल घेतली. राजस्थानात त्या वर्षी आठ महिन्यांत कोठडीत ११ मृत्यू झाल्याची बातमी एका वृत्तपत्रात आली होती आणि तिच्यावरून हे प्रकरण सुरू झालं. टीव्हीवरच्या चर्चेत सगळा भर एकाच प्रश्नावर होता: कॅमेरे बसवले का? चालू आहेत का? मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा चालू आहे, चित्र स्वच्छ दिसतंय, पण दीड महिन्यापूर्वीची रात्र आज बघायची म्हटली तर ती त्या डब्यात सापडेल का?

हा प्रश्न फक्त पोलिस ठाण्यांचा नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत आज कॅमेरे कुठे नाहीत ते सांगा. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतल्या कंपन्या, पुणे-सोलापूर आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यांवरचे ढाबे, पेट्रोल पंप, सोनाराचं दुकान, दूध डेअरी, शाळा, ग्रामपंचायतीचा चौक, कांद्याची चाळ, सगळीकडे कॅमेरे आहेत. बसवताना मेगापिक्सेल विचारले जातात, रात्री रंगीत दिसतं का ते विचारलं जातं. हार्ड डिस्कबद्दल मात्र एवढंच ऐकायला मिळतं, 'एक टीबीची टाकलीये, महिनाभर राहतं.' हे 'महिनाभर' कुठून आलं, ते आज मोजून बघू.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित

कॅमेरा दर सेकंदाला किती डेटा पाठवतो, त्याला बिटरेट म्हणतात. तो मेगाबिटमध्ये मोजतात. ८ बिटचा एक बाइट होतो आणि दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे १ एमबीपीएस बिटरेटचा एक कॅमेरा दिवसाला साधारण १०.८ जीबी लिहितो. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळा गुणाकार आहे.

- २ मेगापिक्सेल कॅमेरा, एच.२६५ फॉरमॅट, बिटरेट २ एमबीपीएस: दिवसाला २१.६ जीबी.
- तोच कॅमेरा, जुना एच.२६४ फॉरमॅट, बिटरेट ४ एमबीपीएस: दिवसाला ४३.२ जीबी.
- २ एमबीपीएसचे चार कॅमेरे: दिवसाला ८६.४ जीबी. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते.
- ४ एमबीपीएसचे आठ कॅमेरे: दिवसाला ३४५.६ जीबी. १ टीबीची डिस्क तीन दिवसही पुरत नाही.

डिस्क भरली की डीव्हीआर थांबत नाही. सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्याच जागी नवं लिहितो. स्क्रीनवर काही इशारा येत नाही, लाल दिवा लागत नाही, चित्र नेहमीसारखं चालू राहतं. म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही की आपल्याकडे फक्त तीन दिवसांची आठवण आहे.

न्हावरे-चौफुला रस्त्यावर आमच्या ओळखीतल्या एकांचं किराणा दुकान आहे. आठ कॅमेरे, १ टीबी डिस्क. लग्नासाठी घरातले सगळे चार दिवस बाहेरगावी गेले. परत आल्यावर हिशेब लावताना मागच्या गोदामातली तेलाची खोकी कमी निघाली. पोलिसांत जायचं ठरेपर्यंत सहावा दिवस उजाडला. डीव्हीआर उघडला तर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग तीन दिवसांपूर्वीचं. कॅमेरे उत्तम होते, चोराचा चेहराही दिसला असेल. पण त्या चेहऱ्यावर नंतर तीन दिवस रिकामा रस्ता लिहिला गेला होता. असं वरून लिहिलं गेलं की डेटा रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही. नुसतं 'डिलीट' झालेलं कधी कधी परत मिळतं, त्याच जागी दुसरं लिहिलेलं मिळत नाही.

तक्रार त्याच दिवशी आली तर ठीक

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाला. तक्रार त्याच दिवशी दाखल झाली, पोलिसांनी स्थानकातलं आणि आजूबाजूचं फुटेज तपासलं आणि संशयिताची ओळख पटली. तो शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावचा निघाला. मग ड्रोन, श्वानपथकं आणि गावकऱ्यांच्या मदतीने उसाच्या फडांत शोध चालला आणि २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री आरोपी ताब्यात आला. इथे स्टोरेजचा प्रश्न आलाच नाही, कारण तक्रार आणि घटना यांच्यात काही तासांचं अंतर होतं.

पण प्रत्येक तक्रार त्याच दिवशी येत नाही. लहान मूल चार-आठ दिवसांनी आईला सांगतं. हिशेबातली अफरातफर महिनाअखेरीला कळते. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेतलं पंधरा दिवसांचं फुटेज गायब असल्याचं त्या वेळचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने शासन निर्णय काढून सर्व शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं आणि आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. कॅमेरे बसवण्याची चर्चा गावोगावी झाली. डिस्क किती टीबीची, ही चर्चा मी तरी एकाही पालकसभेत ऐकली नाही.

किती दिवस जपायचं, याचे आकडे आपल्याकडे जागेप्रमाणे बदलतात. रेल्वे स्थानकांवरच्या रेलटेलच्या यंत्रणेत फुटेज ३० दिवस ठेवायचं ठरलेलं आहे. निवडणूक आयोगाने ३० मे २०२५ च्या पत्रात मतदानाशी संबंधित व्हिडिओ ४५ दिवसांनंतर पुसायला परवानगी दिली, अर्थात त्या मुदतीत निवडणूक याचिका दाखल झाली नसेल तरच. आणि पोलिस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलेली मुदत आहे १८ महिने. बाजारात तेवढी क्षमता मिळत नसेल तर जास्तीत जास्त शक्य तेवढी, पण एक वर्षाच्या खाली नाही.

ही १८ महिन्यांची अट कागदावर एका ओळीत मावते. हार्ड डिस्कवर ती मावण्यासाठी काय लागतं, ते थोड्या वेळात बघू. आधी डिस्क आतून समजून घेऊ.

'सर्व्हेलन्स' डिस्क म्हणजे नुसतं जांभळं स्टिकर आहे का?

दुकानात तीन नावं दिसतात: वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक, तोशिबाची एस३००. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्याच आता या तीन उरल्या आहेत. कॉम्प्युटरची साधी डिस्क आणि ही डिस्क वरून सारखीच दिसते. फरक कामात आहे.

पहिला फरक कामाच्या तासांचा. साधी डेस्कटॉप डिस्क वर्षाला साधारण २,४०० तास चालेल असं धरून बनवतात. सीसीटीव्हीची डिस्क वर्षाचे सगळेच्या सगळे, म्हणजे ८,७६० तास फिरते.

दुसरा फरक लिहिण्याच्या भाराचा. डेस्कटॉप डिस्कला वर्षाला साधारण ५५ टीबी, तर सर्व्हेलन्स डिस्कला साधारण १८० टीबी असा भार कंपन्या धरतात. आपल्या चार कॅमेऱ्यांचं वर्षाचं लिखाण होतं सुमारे ३१.५ टीबी. म्हणजे भाराच्या बाबतीत साधी डिस्कही चालेल, अडचण तासांची आहे. पण ४ एमबीपीएसचे १६ कॅमेरे असतील तर वर्षाला सुमारे २५२ टीबी होतात. तिथे एक सर्व्हेलन्स डिस्कही कमी पडते. भार दोन डिस्कवर वाटायला हवा किंवा बिटरेट खाली आणायला हवा. कंपनीचं शेड, मंगल कार्यालय, मोठं हॉटेल अशा ठिकाणी हे बघितलंच जात नाही.

तिसरा फरक स्वभावाचा. साध्या डिस्कला एखादी जागा खराब लागली की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. तुमची एक्सेल फाइल वाचवायची असेल तर हा हट्ट चांगला. पण सीसीटीव्हीत त्या काही सेकंदांत कॅमेरे थांबत नाहीत, डेटा येतच राहतो आणि मागे तुंबतो. सर्व्हेलन्स डिस्क आणि डीव्हीआर यांच्यात ठरलेल्या खास कमांड असतात. त्यांचा अर्थ थोडक्यात असा: ठरलेल्या वेळेत जमलं नाही तर ती एखादी फ्रेम सोड आणि पुढे चल. चित्रात क्षणभर ठिपके येतील, पण पाच सेकंदांचं भगदाड पडणार नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. जांभळ्या डिस्कने चित्राची क्वालिटी वाढत नाही. ती कॅमेरा आणि बिटरेट ठरवतात. आणि लग्नाच्या फोटोंचा बॅकअप ठेवायला ही डिस्क घेण्यात वेगळा फायदाही नाही.

कौलांचं छप्पर आणि एसएमआर

डिस्कच्या थाळीवर डेटा गोल पट्ट्यांमध्ये लिहिला जातो. दोन पट्ट्यांमध्ये जागा सोडून लिहिण्याच्या जुन्या पद्धतीला सीएमआर म्हणतात. एसएमआर पद्धतीत पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवतात, गावाकडच्या घरावर कौलं लावतात तशाच. तेवढ्याच थाळीत जास्त माल बसतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची कौलंही उचलावी लागतात. एसएमआर डिस्कवर मधली पट्टी पुन्हा लिहिताना अगदी हेच होतं. आधी शेजारचा डेटा वाचायचा, मग सगळं परत लिहायचं.

सलग एकाच ओळीत लिहीत गेलं तर एसएमआरला फार त्रास होत नाही. पण सीसीटीव्हीत आठ-दहा कॅमेऱ्यांचं लिखाण एकाच वेळी, तेही भरलेल्या डिस्कवर जुनं पुसत चालू असतं. अशा वेळी डिस्क मागे पडू शकते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलवर टीका झाली होती ती यावरूनच. नेटवर्क स्टोरेजसाठीच्या त्यांच्या लाल मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ते आधी नीट सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर कंपन्यांनी यादी जाहीर केली. तेव्हा डिस्क घेताना मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि 'सीएमआर' लिहिलंय का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पोलिस ठाणं, १८ महिने आणि लेझर

आता मघाचं गणित. शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर आणि रांजणगाव एमआयडीसी, तर दौंडमध्ये दौंड आणि यवत अशी पोलिस ठाणी आहेत. तिथे प्रत्यक्ष काय बसवलंय यावर मी बोलत नाहीये, फक्त अट पूर्ण करायला किमान काय लागेल ते मोजतोय. न्यायालयाने जागांची यादीच दिली आहे: मुख्य दार, येण्या-जाण्याच्या सगळ्या वाटा, कोठड्या, व्हरांडे, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची पुढची आणि मागची बाजू. रात्री दिसलं पाहिजे आणि आवाजही रेकॉर्ड झाला पाहिजे.

१४ कॅमेरे आणि प्रत्येकी २ एमबीपीएस धरू. दिवसाला ३०२.४ जीबी. १८ महिने म्हणजे सुमारे ५४८ दिवस. उत्तर येतं साधारण १६६ टीबी. आवाजाने यात फारशी भर पडत नाही. ८ टीबीच्या डिस्क घेतल्या तर २१ लागतात. वर एखादी डिस्क बंद पडली तरी डेटा टिकावा म्हणून जादाच्या डिस्क ठेवाव्या लागतात. आठ चॅनेलच्या साध्या डीव्हीआरमध्ये एक किंवा दोन डिस्क बसतात. म्हणजे दुकानातला डीव्हीआर उचलून ठाण्यात लावला तर ही अट पूर्ण होणं शक्यच नाही, कॅमेरे कितीही भारी असोत.

इथे नव्या तंत्रज्ञानाचा खरा उपयोग आहे. थाळीवर जास्त डेटा बसवायचा तर चुंबकाचे कण आणखी बारीक करावे लागतात. पण फार बारीक कण खोलीच्या तापमानालाही आपली दिशा विसरतात. ते विसरू नयेत म्हणून कडक मटेरियल वापरलं तर त्यावर लिहिणंच अवघड होतं. यावर सीगेटने काढलेला तोडगा म्हणजे एचएएमआर. लिहिण्याच्या क्षणी बारीकसा लेझर तेवढाच ठिपका ४०० अंशांच्या वर तापवतो, डेटा लिहिला जातो आणि सेकंदाच्या अब्जांश भागांत ठिपका पुन्हा थंड होतो. लोखंड तापलेलं असतानाच घाव घालायचा, हे आपल्या गावच्या लोहाराला माहीत असलेलंच सूत्र आहे. जानेवारी २०२४ मध्ये सीगेटने या पद्धतीच्या ३० टीबीच्या डिस्क जाहीर केल्या. अशा सहा डिस्कमध्ये आपल्या ठाण्याचे १८ महिने बसतात, सुरक्षेसाठी आणखी दोन धरल्या तरी आठ. २०२० मध्ये न्यायालयाने 'बाजारात मिळत नसेल तर' अशी सूट दिली होती. २०२५ नंतर ती सबब सांगणं अवघड आहे.

एआयचा डेटा सेंटर आणि शिरूरचं दुकान

मग अडतंय कुठे? किमतीत. २०२५ पासून एआय कंपन्या डेटा सेंटरसाठी मोठ्या डिस्क एवढ्या उचलू लागल्या की सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रेंडफोर्स या बाजार अभ्यासणाऱ्या संस्थेने काही मोठ्या डिस्कसाठी थांबण्याची वेळ वर्षभरावर गेल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात वेस्टर्न डिजिटलने ग्राहकांना दरवाढीचं पत्र पाठवलं. तीनच कारखानदार असलेल्या बाजारात मागणी वाढली की त्याची झळ खालपर्यंत येते. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला तेव्हाही हार्ड डिस्क अशाच महागल्या होत्या. तिकडे कोणी चॅटबॉटला कविता लिहायला सांगतो आणि इकडे शिक्रापूरचा मेडिकलवाला ४ टीबीऐवजी १ टीबीवर भागवतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण साखळी हीच आहे.

महागाई आली की जुना माल नवा म्हणून विकला जातो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाइझे या तंत्रज्ञान प्रकाशनाने सीगेटच्या वापरलेल्या डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचं उघड केलं. हा माल आपल्याकडून गेलेला नाही, असं कंपनीने सांगितलं. डिस्क किती तास चालली ते तिच्या स्मार्ट नोंदीत असतं आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. पण त्या प्रकरणात नेमकी हीच नोंद शून्य केलेली होती. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी खोलवरची नोंद असते, ती स्मार्टमॉनटूल्समधून वाचता येते आणि चोरी तिथेच पकडली गेली. तुम्हाला एवढं करायचं नसेल तर किमान डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पेजवर तपासा आणि पक्कं बिल घ्या.

मग डिस्कच नको, क्लाउडवर टाकू? गणित करा. २ एमबीपीएसचे चार कॅमेरे सतत ८ एमबीपीएस अपलोड खातात, महिन्याला सुमारे २,६०० जीबी. बऱ्याच फायबर प्लॅनची महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी असते, घरातल्यांच्या रील्स आणि मॅच वेगळ्याच. आणि सिमवर रोजचे २ जीबी मिळत असतील तर एक कॅमेरा सव्वादोन तासांत ते संपवतो. क्लाउड महत्त्वाच्या क्लिपसाठी चांगला. चोवीस तासांच्या रेकॉर्डिंगसाठी फिरती थाळीच अजून सगळ्यात स्वस्त पडते.

ऊस, बिबट्या आणि लोडशेडिंग

आपल्या भागाच्या काही अडचणी कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत.

पहिली, मोशन रेकॉर्डिंग. जागा वाचवायला 'काही हललं तरच रेकॉर्ड कर' ही सेटिंग लावतात. शहरातल्या जिन्यात ती छान चालते. आपल्याकडे कॅमेऱ्यासमोर ऊस असतो आणि तो वाऱ्यावर रात्रभर हलतो. डीव्हीआरला सगळंच मोशन वाटतं आणि वाचायची ती जागा वाचतच नाही. वनविभागाचे कॅमेरा ट्रॅप यासाठीच वेगळे असतात. ते अंगाच्या उष्णतेची हालचाल ओळखतात, म्हणून बिबट्या किंवा माणूस गेला की फोटो निघतो, पान हललं तर सहसा नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं दगावली, लोक रस्त्यावर उतरले. तेव्हापासून वस्तीवरची घरं कॅमेऱ्यांचा विचार करतायत. त्यांच्यासाठी सांगतो: 'माणूस/प्राणी ओळख' असलेला कॅमेरा घ्या आणि मोशनचा भाग उसावर न ठेवता अंगण आणि गोठ्यापुरता आखा.

दुसरी, मेमरी कार्ड. शेतातल्या सोलर ४जी कॅमेऱ्यात हार्ड डिस्क नसते, कार्ड असतं. १ एमबीपीएसवर १२८ जीबीचं कार्ड जेमतेम अकरा-बारा दिवस पुरतं. शिवाय फ्लॅश मेमरी ठरावीक वेळाच पुन्हा लिहिता येते, मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहून लवकर मरतं. 'एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या. आणि मोटारीची केबल चोरणारा कॅमेराही काढून नेतो, कार्ड त्याच्याबरोबरच जातं. म्हणून घटनेची क्लिप लगेच मोबाइलवर येईल अशी सेटिंग इथे जास्त कामाची.

तिसरी, लाइट. चालू डिस्कमध्ये हेड थाळीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. वीज अचानक गेली तर फिरणाऱ्या थाळ्यांच्याच जोरावर थोडी वीज तयार करून डिस्क हेड बाजूला घेते. ही सोय अधूनमधून लागावी म्हणून आहे, दिवसातून पाच वेळा नाही. डीव्हीआरला छोटा यूपीएस हवाच. तो टीव्हीच्या मागे, बंद लोखंडी कपाटात कोंबू नका. बहुतेक सर्व्हेलन्स डिस्कची मर्यादा ६५ अंशांची असते, आणि दौंडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद कपाटात ती फार लांब राहत नाही.

लाइटशी जोडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे घड्याळ. डीव्हीआरच्या आतला छोटा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख भलतीच होते. फुटेज असतं, पण त्यावर चुकीची तारीख असते. पुढे कोर्टात पहिला प्रश्न यावरच येतो.

फुटेज पुरावा कधी होतं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. व्हिडिओतला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो.

प्रमाणपत्राचं महत्त्व ठरवणारा मोठा निकाल आपल्या जालन्याच्या प्रकरणातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जुन्या कायद्याखाली सांगितलं की नक्कल सादर करायची तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ उपकरणच कोर्टात आणून मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी.

यातून आपण काय घ्यायचं? घटना घडली की मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं म्हणजे पुरावा जपणं नव्हे. त्याच दिवशी डीव्हीआरच्या एक्सपोर्टमधून मूळ क्लिप पेनड्राइव्हवर घ्या, घटनेच्या आधीचा-नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून. डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ यांत किती फरक आहे ते लिहून ठेवा. प्रकरण गंभीर असेल तर पोलिसांशी बोलून डिस्कच काढून ठेवा आणि दुसरी लावा. एक मात्र अजिबात करू नका. डीव्हीआरची डिस्क लॅपटॉपला जोडलीत तर विंडोज ती ओळखत नाही आणि 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारतं. बऱ्याच डीव्हीआरची फाइल ठेवण्याची पद्धत वेगळी असते, म्हणून असं होतं. उत्तर नेहमी 'नाही'.

ग्रामसभेत विचारायचा प्रश्न

सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली, ते चांगलंच झालं. पण तुमच्या चौकातलं फुटेज किती दिवस टिकेल, हे त्या चाचणीत येत नाही. ते निविदेतल्या एका ओळीवर ठरतं. ती ओळ बहुतेक वेळा 'कॅमेरे: १६, हार्ड डिस्क: १' अशी असते. तिथे 'सर्व कॅमेरे पूर्ण रिझोल्यूशनवर सलग ३० दिवस' असं लिहिलं की ठेकेदाराला गणित करावंच लागतं. १६ कॅमेरे, २ एमबीपीएस, ३० दिवस म्हणजे साडेदहा टीबीच्या आसपास. १ टीबीमध्ये ते होणार नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पोलिस ठाण्यांबद्दल २०२० च्या आदेशात जिल्हा पातळीवर देखरेख समिती नेमायला सांगितलंय आणि कॅमेरे चालू ठेवण्याची, डेटा जपण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर टाकली आहे. माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या ठाण्यात सगळ्यात जुनं उपलब्ध फुटेज कोणत्या तारखेचं आहे, एवढं एक विचारता येतं. कॅमेरे किती, यापेक्षा हे उत्तर जास्त सांगून जातं.

आणि हे वाचून झाल्यावर आजच घरच्या, दुकानाच्या किंवा शाळेच्या डीव्हीआरचं अ‍ॅप उघडा. प्लेबॅकमध्ये जा आणि कॅलेंडरवर मागे मागे जात राहा. ज्या तारखेनंतर काहीच दिसत नाही, तेवढीच तुमच्या कॅमेऱ्याची आठवण. ती दहा दिवसांपेक्षा कमी निघाली तर आधी एच.२६५ चालू करा, मग बिटरेट बघा, आणि तरीही पुरत नसेल तर कॅमेरा बदलण्याआधी डिस्क बदला.